चंबळमधला टापू, पाणचिऱ्यांची घरटी आणि आमची काट्यांची वई

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरहून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे खंबातचं आखात, आणि तेही सरळ रेषेत ७०० किलोमीटरवर. त्यामुळे "टापूवरचे समुद्राकडचे पक्षी बघायला चाललोय" असं सांगितलं की लश्करातले (म्हणजे ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले) लोक विचारतात, "गोव्याला का?" गोव्याला नाही, मुरैन्याला. पहाटे चारला निघालं की उजाडता उजाडता चंबळच्या काठावर पोचता येतं.

आमचा गट ही काही संस्था नाही. नोंदणी नाही, शिक्का नाही, लेटरहेड नाही (हे पुढे नडलं). रविवारी सकाळी दुर्बिणी घेऊन तिघरा धरणावर जाणारी आम्ही नऊ-दहा माणसं, बहुतेक लश्करातल्या जुन्या मराठी घरांतली. नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, ताई शाळेत जीवशास्त्र शिकवतात, दोन मुलं कॉलेजातली. मी वही सांभाळतो. या प्रकरणात कुणाचंही खरं नाव दिलेलं नाही. टापूचा नेमका ठावही सांगणार नाही, कारण सांगितला तर पुढच्या मार्चात समोरच्या काठावर लांब लेन्सांची रांग लागेल.

चंबळ इंदूरजवळ महूच्या जानापाव डोंगरात उगम पावते आणि ९६० किलोमीटर वाहून यमुनेला मिळते. वाटेत गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर ही तीन धरणं आणि कोट्याचा बंधारा आहे. कोट्याला बरंचसं पाणी कालव्यांत वळतं. खाली कालीसिंध आणि पार्वती येऊन मिळतात म्हणून नदी नदीसारखी राहते, पण फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत ती आकसतच जाते. पात्रातले वाळूचे उंचवटे उघडे पडतात आणि त्यांचे टापू होतात. हा सगळा पट्टा घडियालांसाठी (लांब तोंडाच्या मगरींसाठी) राखलेल्या अभयारण्यात येतो, जे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांत पसरलं आहे. अभयारण्यात वाळू उपसायला बंदी आहे. बंदी असूनही ट्रॅक्टर कुठून कसे जातात, ते मुरैन्यात कुणालाही विचारा.

टापू आणि त्यावरचे पक्षी

आमचा टापू साधारण तीनशे पावलं लांब आणि साठ पावलं रुंद होता. मधली पाठ पाण्यापासून गुडघाभर उंच. वर झाड, झुडूप, गवत काहीच नाही. नदीचा मुख्य प्रवाह राजस्थानच्या अंगाने वाहायचा आणि आमच्या काठाच्या बाजूला एक अरुंद फाटा होता. फेब्रुवारीत त्यात कमरेच्या वर पाणी होतं.

या टापूचा मानकरी पाणचिरा. नावातच सगळं आलं: पाणी चिरत जाणारा. नारिंगी चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. पक्षी पाण्यालगत उडताना चोच उघडून खालचं पातं पाण्यात बुडवतो, मासा लागला की चोच मिटते. मात्र पिल्लाच्या चोचीचे दोन्ही भाग जन्मतः सारखेच असतात, खालचं पातं मागाहून वाढतं. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) ज्या कुळात येतात त्याच कुळातला हा पक्षी. पिल्लं नदीच्या वाळूत वाढवतो आणि पावसाळ्यानंतर नदीमुखांकडे, किनाऱ्याकडे सरकतो. बांगलादेशात मेघनेच्या मुखाशी हिवाळ्यात त्यांचे मोठे थवे उतरतात. साऱ्या जगात आता तीन हजारांच्या आत प्रौढ पक्षी उरलेत असा अंदाज आहे, आणि २०२० पासून त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. घरटी करायला त्याला उरलेल्या मोजक्या नद्यांत चंबळ महत्त्वाची.

शेजारी नदी सुरय, काळ्या पोटाचा सुरय, छोटा सुरय, कडेला नदी टिटवी. सगळ्यांचं घरटं म्हणजे वाळूतली वाटीएवढी खळगी. अंडी वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी डाग. दहा पावलांवरून बघितलं तर काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा पाय आधीच पुढे पडलेला असतो.

पक्षी असा उघडा टापू का निवडतात हे इथेच सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. चहूकडे पाणी असलं की कोल्हा, कुत्रं, गुरं येत नाहीत. झाड नसलं की कावळ्याला, शिकारी पक्ष्याला टेहळायला जागा मिळत नाही. टापूची सगळी किंमत या दोन गोष्टींत आहे. आम्हाला पहिली पाठ होती. दुसरी आम्ही विसरलो.

अडचण

२०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात तापलेला मार्च ठरला. आम्हाला तेव्हा हे आकडे ठाऊक नव्हते, पण फाट्यातलं पाणी लवकर उतरतंय हे दिसत होतं. २० मार्चला पहिले पाणचिरे खळग्यांवर बसलेले दिसले.

२७ मार्चला आमच्या हातून पहिली चूक झाली आणि ती पूर्ण डोळे उघडे ठेवून झाली. काठावरून दुर्बिणीने बसलेले पक्षी मोजता येतात, पण आम्हाला अंडी मोजायची होती. बोटीचा परवाना पाण्यातून फिरण्याचा होता, टापूवर उतरण्याचा नव्हता. हे आम्हाला माहीत होतं का? होतं. "पाच मिनिटांत मोजून येऊ," असं मीच म्हणालो. नाववाल्याला उशीर झाला आणि आम्ही टापूवर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. सगळे पक्षी वर उठले, सुरय डोक्यावर झेपा घालू लागले. वाळू चपलेच्या तळव्यातून भाजत होती. पाणचिरे आणि सुरय दुपारी आळीपाळीने नदीत पोट भिजवून येतात आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. एरवी आपण म्हणतो पक्षी अंडी उबवतो, इथे तो अंडी थंड ठेवत असतो. आम्ही ती पंचवीस मिनिटं उघडी पाडली होती. ताई एका खळगीपाशी वाकल्या, अंड्याला हात न लावता वाळूवर पंजा टेकवला, लगेच उचलला आणि म्हणाल्या, "चला. आत्ताच्या आत्ता." निघता निघता दोन कावळे टापूच्या टोकाला उतरताना दिसले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. म्हणजे त्या सकाळी कायद्याच्या लेखी आम्ही शिकारीच होतो. वहीत मी "३१ घरटी" लिहिलं आणि त्याखाली ही ओळ लिहून ठेवली.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ एप्रिलला, काठावरून मोजलं तर २२ पक्षी बसलेले होते. फाट्यात पाणी गुडघ्याएवढं राहिलं होतं आणि एका जागी वाळूची पाठ वर आली होती. काठापासून टापूपर्यंत जवळपास कोरडी वाट तयार झाली होती, चाळीस पावलांची. तिच्यावर पावलांची रांग गेलेली आणि परत आलेली. नाना म्हणाले कोल्हा. काठावर म्हशी राखणारा पोरगा हसला आणि म्हणाला, "कुत्ता है, बाबूजी."

आमच्यापुढचे पर्याय

त्याच संध्याकाळी नानांच्या माजघरात सगळे जमलो. नानींनी पन्हं दिलं आणि पहिला अर्धा तास २७ तारखेवरून भांडण्यात गेला. त्यानंतर कामाचं बोलणं झालं.

काहीच करायचं नाही, हा पहिला पर्याय ताईंनी मांडला आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. पहिली अंडी गेली तर हे पक्षी पुन्हा घालू शकतात. "आपण तिथे गेलो नाही एवढ्यानेच निम्मं काम होईल," ताई म्हणाल्या. पण वाट उघडी आणि पाणी उतरतंय, म्हणजे दुसऱ्यांदा घातलेली अंडीही त्याच कुत्र्यांच्या तोंडी जाणार, हे त्यांनाही मान्य होतं.

फाटा खोल करून पाणी पुन्हा खेळवायचं, हा कॉलेजच्या मुलांचा उपाय. नानांनी तो दोन वाक्यांत निकालात काढला. फावड्याने काढलेली वाळू दोन दिवसांत परत भरते. आणि यंत्र आणलं तर त्या पात्रात जेसीबी उतरण्याचा पायंडा पक्षिमित्रांनी पाडला असं होईल. एकदा चाकोरी पडली की ती कुणाच्या कामासाठी पडली होती हे कोण विचारतो?

नायलॉनचं जाळं लावायचं, हा माझा. बाजारात मिळतं, स्वस्त, तासाभरात लागतं. तो ताईंनी पाडला. घडियाल त्याच काठच्या वाळूत अंडी घालतात. लाल डोक्याचं मोठं कासव, जे जगात आता मुख्यतः चंबळमध्येच टिकून आहे, त्याच महिन्यांत वाळूवर चढतं. अंधारात जाळ्यात अडकलेल्या कासवाला सोडवायला तिथे कोण असणार? एक जात वाचवताना दुसरी, तिच्याहून दुर्मीळ, मारायची.

अंडी उचलून यंत्रात उबवायची कल्पनाही एकाने काढली. तिच्यावर चर्चा झाली नाही.

राहिले दोन. एक, काठाच्या वाटेवर काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घालायची, पाण्यापासून पाण्यापर्यंत. बिहडात, म्हणजे काठच्या घळींत, विलायती बाभूळ हवी तेवढी, शिवाय काटेरी फांद्यांखालून कासवाचं पिल्लू जाऊ शकतं, कुत्रं जाऊ शकत नाही. दोन, रात्रीची राखण. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने चंबळवर हेच केलं आहे: नदीकाठच्या माणसांनाच घरट्यांचे राखणदार नेमलं. ते माहीत असूनही आम्ही वई निवडली.

का निवडली, हे नीट सांगायला हवं. वरवरचं कारण पैशाचं होतं. खरं कारण असं की वई आम्हाला करता येत होती. नानांना उभं आयुष्य बांधकामाची सवय, मुलांना अंगमेहनतीची हौस, आणि काम झालं की ते दिसतं, त्याचा फोटो निघतो. राखणदार नेमायचा तर कुणाशी तरी जाऊन बोलावं लागलं असतं. काठावर कोण राहतं हे चार आठवडे तिथे जाऊनही आम्हाला माहीत नव्हतं.

काय केलं

४ एप्रिलला वईसाठी अभयारण्याच्या कार्यालयात अर्ज दिला. कोणत्या संस्थेतर्फे, असं विचारलं गेलं. संस्था नाही. मग कोणत्या अधिकाराने? ताईंच्या शाळेच्या निसर्गमंडळाचं पत्र जोडलं, ते चुकीच्या कार्यालयाला उद्देशून होतं, पुन्हा लिहिलं. नऊ दिवस गेले. कुणी अडवलं असं म्हणणार नाही. आमच्यासारख्या बेनावी टोळक्याला अभयारण्यात काही उभारायची परवानगी नऊ दिवसांत मिळाली हेच पुष्कळ. यंत्र नाही, टापूवर पाय नाही, आणि काम चालू असताना त्यांचा माणूस हजर, अशा अटी होत्या. त्या नऊ दिवसांत बसलेले पक्षी २२ वरून १३ वर आले.

१४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या सुट्टीला, वई घातली. पहाटे साडेपाचला सुरुवात केली आणि साडेआठला थांबलो, कारण त्यानंतर पक्ष्यांना आमची हालचालही नको होती. फांद्या आदल्या दिवशी तोडून काठावर रचल्या होत्या. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो हे प्रत्येकाला एकेकदा कळलं. नानांनी छातीएवढ्या उंचीची, चांगली दाट वई घातली आणि मध्ये मध्ये खांबांसारख्या उभ्या फांद्या रोवल्या. दिसायला फार देखणी.

तीन दिवसांनी त्या उभ्या फांद्यांवर कावळे बसले होते.

ज्या टापूची सगळी भिस्त उघडेपणावर, त्याच्या दाराशी आम्ही टेहळणीचे मनोरे उभे केले होते. नाना काठावरच्या दगडावर बसून बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सगळ्या उभ्या फांद्या उपटून आडव्या टाकायला लावल्या आणि वई मांडीच्या उंचीवर आणली. कुत्र्याला अडवायला काटा पुरतो, उंची लागत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. ते रोज बोटभर मागे हटत होतं आणि वई रोज तेवढी आखूड पडत होती. दर दोन-तीन दिवसांनी दोन्ही टोकांना फांद्या वाढवाव्या लागत. आम्ही ग्वाल्हेरला, नोकऱ्या-परीक्षांत, ६० किलोमीटरवर. २४ एप्रिलला गेलो तर वईच्या उजव्या टोकाला ओल्या वाळूत पावलांची ताजी रांग, अगदी शिस्तीत वळसा घालून टापूकडे गेलेली.

चाचांची कुत्री

काठाच्या वरच्या अंगाला, वाळूतच, खरबुजांची आणि काकड्यांची वाडी होती. वाळूत लांब चर खणून, खत भरून लावलेले वेल, कडेला सरकंड्याची झोपडी. तिथले चाचा पहिल्या दिवसापासून आम्हाला माठातलं पाणी देत. दोनदा खरबूज दिलं, पैसे घेतले नाहीत. आम्ही "राम राम" म्हणायचो, पाणी प्यायचो, दुर्बिणी उचलून पुढे जायचो. त्या दिवशी आम्ही पावलांभोवती गोल करून उभे असताना चाचा मागे येऊन थांबले आणि म्हणाले, कुत्री आमचीच. रात्री नीलगाय आणि कोल्हे वेल खातात. "रात को तो छोड़ने ही पड़ते हैं."

तीन आठवडे आम्ही ज्यांना गावची मोकाट कुत्री समजत होतो, ती मोत्याच्या माळा घातलेली, नावं असलेली, पाळलेली दोन कुत्री होती. आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय इथला. अभयारण्याच्या वाळूत शेती करायला कागदोपत्री परवानगी नसते. वई तोकडी पडते आहे, रात्री वाडीवाल्यांची कुत्री येतात, असं पत्र लिहिलं असतं तर कदाचित कुत्रीही गेली असती आणि वाडीही. गटात दोन तट पडले. एकाचं म्हणणं सरळ होतं: पक्षी संकटग्रस्त, वाडी नियमबाह्य, यात विचार कसला? वाडीसाठी तुडवलेली, खतावलेली वाळू ही घडियालांची आणि कासवांचीही जागा आहे, हा त्याचा मुद्दा खोटा नव्हता. दुसरीकडे नाना. ते म्हणाले, "वाडी उठवली तर तो माणूस उद्या कुणाच्या कामाला जाईल? वाळूच्या ट्रॅक्टरवर." आणि मग, थोडं थांबून, "त्याचं खरबूज खाल्लंय आपण."

पत्र लिहिलं नाही. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण तो घेताना आम्ही परवानगी देणाऱ्यांपासून एक गोष्ट लपवली, हेही खरं. गटातला एक जण त्यावरून बाहेर पडला तो परत आला नाही.

बोलणं नाना आणि ताईंनी केलं. चाचांचा प्रश्न साधा होता: कुत्री बांधली तर नीलगाईला कोण हाकलणार? मुलांनी बिहडाच्या बाजूने दोरी ताणून रिकामे डबे बांधायचं सुचवलं, चाचा हसले, म्हणाले तीन रात्रींत नीलगाय सरावते. शेवटी ठरलं ते असं. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कुत्री बांधायची. चाचांचा पुतण्या रात्री जागा राहून वाडीही राखेल आणि वईची टोकंही बघेल. रात्रीचे २०० रुपये, आम्ही आपसांत वाटून द्यायचे. डबेही बांधले, नाहीतर मुलं हिरमुसली असती.

वईची टोकं वाढवायला पुतण्याला दहा मिनिटं लागत, कारण तो तिथेच होता. आमचं तेच काम म्हणजे १२० किलोमीटरचा फेरा.

काय झालं

१ मेच्या मोजणीत बसलेले पक्षी २६ होते. काही जोड्यांनी नव्याने अंडी घातली होती. टापूच्या पाठीवर पहिली पिल्लंही दिसली, म्हणजे ती हलली तेव्हा दिसली. धोका वाटला की पिल्लू वाळूत पोट दाबून असं बसतं की त्याची सावलीही पडत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा शेजारच्या दुसऱ्या वाडीचं कुत्रं आलं. पुतण्याने हाकललं आणि दुसऱ्या दिवशी त्या वाडीवाल्यांशी तोच बोलला. आम्हाला ते आठवड्याने कळलं.

महिनाभर आम्ही फाट्यात पाणी यावं म्हणून तळमळत होतो. १८ मेच्या रात्री ते आलं. एका रात्रीत हातभर चढलं. फाटा भरला, कुत्र्यांची वाट बुडाली आणि टापूच्या सखल टोकावरची आठ घरटीही बुडाली. पाठीवरची वाचली. आमची वई उचलून पाण्याने पाऊण किलोमीटर खाली नेली आणि वाळूवर पसरून टाकली, बरोबर कासवांच्या चढणीच्या जागी. ती वेचायला दोन सकाळी गेल्या. काटे ओले असले की जास्त रुततात.

१२ जूनला, शेवटच्या फेरीत, टापूवर आणि भोवती उडू लागलेली १९ पिल्लं मोजली. अजून तपकिरी, खवल्याखवल्यांची पाठ, चोचीचं खालचं पातं जेमतेम पुढे आलेलं. त्यातलं एक सारखं पाण्यालगत उडून चोच बुडवायचा प्रयत्न करत होतं आणि प्रत्येक वेळी तोंडावर आपटल्यासारखं होऊन वर उसळत होतं.

१९ पिल्लांत वईचा वाटा किती आणि कुत्री बांधलेल्या दोरीचा किती, याचा हिशेब वहीतून निघत नाही. २४ एप्रिलनंतर टापूवर पाळीव कुत्र्याची पावलं एकदाच दिसली. माझा कौल दोरीला आहे. नानांचा अजूनही वईला, पण आडव्या.

पुन्हा करायचं झालं तर

टापूवर उतरायचं नाही. बसलेले पक्षी काठावरून मोजता येतात आणि तेवढी मोजणी पुरते. ३१ घरट्यांत अंडी किती होती, या माहितीचा आम्हाला पुढे एकदाही उपयोग झाला नाही. २७ मार्च आणि ३ एप्रिलच्या दरम्यान जी नऊ घरटी गेली, ती सगळी कुत्र्यांच्या नावावर टाकणं सोयीचं आहे. कावळे आमच्यामागोमाग उतरले होते हे मी पाहिलं आहे.

अर्ज फेब्रुवारीत द्यायचा, पाणी कमरेवर असताना. वाट एप्रिलमध्ये उघडणार हे नदीकाठच्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं. आम्ही कागद हलवायला लागलो तेव्हा कुत्र्यांचे दोन फेरे झाले होते. शाळेचं पत्रही आधीच तयार हवं, योग्य कार्यालयाच्या नावाने.

कुंपण घालायचंच तर ज्याला रोज त्याची टोकं बघता येतील त्याच्या हातून घालायचं. आणि काहीही उभं करण्याआधी विचारायचं की यावर कोण बसेल.

वाडीचा प्रश्न मात्र मला सुटलेला वाटत नाही. आमचा तोडगा एका माणसाशी, एका उन्हाळ्यापुरता होता. वाड्या वाढल्या तर रात्रीचे २०० रुपये किती झोपड्यांना देणार? आणि ज्या दिवशी कार्यालयातून कुणी विचारेल की तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही, त्या दिवशी ताई आणि मी काय उत्तर देणार, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये चंबळला मोठा पूर आला. काठची गावं वेढली गेली, पात्रातली वाळू इकडची तिकडे झाली. पुढच्या फेब्रुवारीत गेलो तर आमचा टापू जागेवर नव्हता. दोन-अडीच किलोमीटर खाली नवा उघडा पडला होता, पण राजस्थानच्या काठाला लागून, म्हणजे दुसरं राज्य, दुसरं कार्यालय, नवा अर्ज. समोरच्या वाळूत सरकंड्याची झोपडी उभी राहत होती. नाववाल्याने सवयीने नाव टापूकडे वळवली, तशा ताई म्हणाल्या, "पहले उधर ले चलो भैया, झोपड़ी की तरफ."

"चिड़िया नहीं देखनी?" त्याने विचारलं.

"वो बाद में."